खाली टांगलेलं घड्याळ

टोपलीचा तळ सुटला तो नेमका पुलाच्या मधोमध.

सकाळचं धुकं होतं. नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. तिच्या हातातल्या टोपलीतून एक गलेलठ्ठ मांजर अर्धी खाली लोंबकळू लागली. मागचे पाय बाहेर, पुढचे आत, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे सगळं तुझ्यामुळेच झालं. तिनं टोपली छातीशी घट्ट धरली, मांजरीला खालून हाताचा आधार दिला आणि कठड्याला टेकून उभी राहिली. आता ना पुढे जाता येईना, ना मागे.

"हलू नका," धुक्यातून कुणीतरी म्हणालं.

"मी नाही हलत. ही हलते."

"मग तिला सांगा."

धुक्यातून आधी वेताचा भारा आला, मग तो भारा खांद्यावर घेतलेला माणूस आला. त्यानं भारा कठड्याला टेकवला, तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि खिशातून वेताची एक बारीक, ओलसर पट्टी काढली.

"चावते का?"

"नाही. मोठ्या घरची आहे. ओळख झाल्याशिवाय ती कुणाला चावतसुद्धा नाही."

तो हसला. आवाज न करता हसला, पण टोपलीच्या खाली त्याची बोटं हसल्यासारखी हलली ते तिला कळलं. पट्टी आत जात होती, बाहेर येत होती... मांजरीच्या पोटाखालून, तिच्या तळहाताला जेमतेम स्पर्श करून. ती धुक्याकडे बघत राहिली. धुक्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"कुणी विणली ही?"

"बाजारातून आणली."

"वाटलंच. ज्यानं विणली त्यानं कधी मांजर उचललेली नाही." त्यानं पट्टीचं टोक आत खोचलं, तळ अंगठ्यानं दाबून पाहिला. "आता हत्ती नेलात तरी चालेल."

"हत्ती चालत येतात. त्यांचं काम मला सोपं पडतं."

ह्यावर त्यानं पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या भुवयांवर धुक्याचे बारीक थेंब होते. मांजर टोपलीत गोल फिरून, नव्या तळावर ठाण मांडून बसली.

पूल संपताना तिनं मागे वळून हात वर केला, हलवला. त्यानं हात वर केला नाही. खांद्यावरचा भारा एका हातानं सावरत त्यानं दुसऱ्या हाताची दोन बोटं मांडीजवळ हलवली. जणू शाळेत बाईंना न दिसता मैत्रिणीला निरोप द्यावा तशी. मग धुकं मध्ये आलं.

दिवसभर तिला ती दोन बोटं आठवत राहिली.

*

जनावरांचा छळ होतो अशी तक्रार आली की जाऊन शहानिशा करायची, हे तिचं काम. गावात तिला 'कुत्र्यांची फौजदार' म्हणत. पण फौजदारी थोडी आणि मायेचं काम जास्त असायचं. कुणाच्या पोपटाची नखं वाढलेली असत, तर कुणाचा कुत्रा बिस्किटं खाऊन फुगलेला असे. कुणा आजीला आपल्या मांजरीला दवाखान्यात न्यायला पाय साथ देत नसत, तर ती टोपली घेऊन जायची. बहुतेक माणसं दुष्ट नसतात, त्यांना ठाऊक नसतं एवढंच, असं ती म्हणायची. पण काही माणसं खरंच दुष्ट असतात, हेही तिनं पाहिलं होतं. फार गोड बोलणारी, हसरी माणसं. म्हणून हसऱ्या माणसांवर ती चटकन विश्वास ठेवत नसे.

"तुला माणसांपेक्षा कुत्र्यांचे पत्ते जास्त पाठ," आत्या म्हणायची. ती आत्याकडेच राहत होती. आत्यानं लग्न केलं नव्हतं आणि दुसऱ्यांची लग्नं जुळवण्याचा नाद मात्र तिला होता.

"कुत्रे पत्ता बदलत नाहीत, आत्या."

"आणि चहा विचारत नाहीत. म्हणून आवडतात तुला."

चहाचं आत्याला फार लागलं होतं. ऑफिसात साहेबांचा एक नियम होता. ज्याच्या घरी तपासणी, त्याच्या घरचा चहा नाही की पाणी नाही. चहा घेतला की डोळे मऊ होतात, असं साहेबांचं म्हणणं. ती पाण्याची बाटली जवळ बाळगायची आणि लोकांच्या घरी कोरड्या तोंडानं बसून कोरडे प्रश्न विचारायची. "अशानं तुझी ओळख कुणाशी होणार?" आत्या विचारायची. "पोपटाशी?"

त्या आठवड्यात साहेबांनी तिला एक तक्रार दिली. फोनवरून आलेली, बाईचा आवाज.

"वेताचे फटके ऐकू येतात म्हणते. रोज दुपारी. सप् सप् असा आवाज येतो, आणि कुत्रं रडतं. जाऊन ये."

"कुठे?"

"कापडबाजाराच्या मागे. वेताच्या खुर्च्या विणणारा कुणी एक आहे."

तिला पुलावरचा वेताचा भारा आठवला. पण खुर्च्या विणणारे काय गावात एकच असतात? तिनं स्वतःला असं सांगितलं, आणि स्वतःलाच ते पटलं नाही.

*

दार उघडलं तेव्हा तोच होता.

"पुन्हा तळ सुटला?" त्यानं विचारलं. चेहरा उजळला होता, लपवायचं त्याला जमलं नाही.

तिनं गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. त्यानं वाचलं. उजेड हळूहळू मावळला.

"या," तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

खोली लांबोडकी होती. खिडकीशी अर्धवट विणलेल्या खुर्च्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या जाळीतून ऊन येऊन जमिनीवर उजेडाची चौकटीचौकटींची जाळी पडली होती. पाण्याच्या टबात वेताच्या पट्ट्या भिजत होत्या. ओल्या वेताचा वास... नदीकाठच्या गवतात तोंड खुपसावं तसा. अशा खोलीत कुणी कुणाला मारत असेल हे मनाला पटेना. पण मनाला काय पटतं ते बघायला ती आली नव्हती.

सवयीनं तिनं सगळं टिपलं. भांड्यांची फळी गुडघ्याइतक्या उंचीवर होती. दोरीवर वाळत घातलेला टॉवेल जमिनीला टेकत होता. आणि भिंतीवरचं घड्याळ, चांगलं गोल, मोठं घड्याळ, पार खाली, टबाच्या काठाशी टांगलेलं. हा माणूस दिवसभर खाली बसून काम करतो, म्हणून असेल, असं तिनं धरून चाललं.

कुत्रा कोपऱ्यात होता. तपकिरी, उंच पायांचा, फासळ्या मोजून घ्याव्यात इतका हडकुळा.

"नाव काय?"

"ढब्बू."

तिनं भुवई वर केली.

"हाक मारता मारता होईल कधीतरी," तो म्हणाला.

हसू आलं ते तिनं गिळलं. जमिनीवर बसली, कुत्र्याकडे पाठ केली आणि वाट बघत राहिली. जनावराला आपणहून येऊ द्यायचं, ही तिची रीत. बऱ्याच वेळानं कोपराला ओलं नाक लागलं. तिनं हळूच फासळ्यांवरून हात फिरवला. पाठीवर जुने वण होते. केसांखाली, लांब, सरळ रेघांचे.

ती उठली. आता शेवटचं राहिलं होतं. मार खाल्लेलं जनावर तोंडानं सांगत नाही, पण वर गेलेला हात त्याला सोसत नाही. म्हणून ती प्रत्येक घरी मालकाला एवढंच करायला सांगायची.

"जरा हात वर करा."

त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

"उजवा हात. डोक्याच्या वर."

"नाही करणार."

"का?"

"त्याला नाही आवडत."

"तुम्ही हात वर केला नाहीत, तर मला जे लिहावं लागेल ते तुमच्या फायद्याचं नसेल."

त्यानं कुत्र्याकडे पाहिलं, जणू माफी मागावी तसं. आणि हात वर केला.

ढब्बू जमिनीला चिकटला. कान मागे, डोळे मिटलेले, अंगाखाली ओलं. मग तो सरपटत गेला, आणि तिनं नजर फिरवली. तिला बघवेना. कुत्र्याचं नाही, त्या माणसाचं तोंड बघवेना.

"मला सापडला तेव्हापासून असाच आहे," तो म्हणाला. "वेताच्या गोदामात बांधलेला होता. तिथला रखवालदार—"

"सगळे हेच सांगतात."

हे खरं होतं. इतक्या वर्षांत तिला एकही माणूस असा भेटला नव्हता ज्यानं 'मीच मारलं' असं सांगितलं. ती पुढे म्हणाली, "कुत्रा आमच्या निवाऱ्यात राहील. आठवडाभर पाहू."

त्यानं वाद घातला नाही. स्वतःचा एक जुना सदरा घडी करून दिला. "ह्याच्यावर झोपतो. आणि... त्याच्यासमोर उंचावरचं काही काढू नका."

जिन्यावरून उतरताना तिनं नाइलाजानं मागे पाहिलं. तो दारात उभा होता. मांडीजवळ दोन बोटं हलली. तो निरोप तिला नव्हता. आणि ढब्बूनं, इतका वेळ पायांत शेपूट घातलेल्या ढब्बूनं, त्या बोटांकडे बघून शेपूट हलवली.

*

निवाऱ्यात ढब्बूनं दोन दिवस काही खाल्लं नाही. सदऱ्यात नाक खुपसून पडून राहिला.

डॉक्टरीणबाईंनी सलाइनची बाटली टांगायला हात वर केला, तो जमिनीला चिकटला. पहारेकऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली, तो भिंतीत शिरायला बघू लागला. तिनं स्वतः वेणी बांधायला हात मागे नेले, तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. तिचे हात केसांतच थांबले.

"हा सगळ्यांच्याच हाताला घाबरतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणा एकाच्या नाही. आणि पाठीवरचे वण बघितलेस का? वर्ष तरी झालं असेल त्यांना."

ती घरी आली ती डोकं जड घेऊन. आत्या स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होती.

"उभी काय राहिलीस? स्टूल धर. पडले तर तुझ्या कुत्र्यांना कोण विचारील?"

तिनं स्टूल धरलं. वर पाहिलं. आणि वर बघतानाच तिला ते घड्याळ आठवलं, टबाच्या काठाशी, गुडघ्याइतक्या उंचीवर. खाली बसून काम करणारा माणूससुद्धा घड्याळ इतकं खाली टांगत नाही. बसल्यावरही त्याला वाकून बघावं लागत असणार.

"आत्या, घड्याळ खाली का लावत नाहीस?"

"हात वर करायचा कंटाळा असता तर लावलं असतं," आत्या म्हणाली.

स्टूल धरून ती तशीच उभी राहिली. खाली आणलेली भांडी... खाली आणलेली दोरी... कुत्रा जवळ नसतानाही पुलावर वर न गेलेला हात. आणि जे तिनं नजर फिरवून बघायचं टाळलं होतं तेही आता तिला दिसलं. ढब्बू सरपटत गेला होता तो कुठे? त्या माणसाच्या पायांमागे. हात त्याचा, आणि लपायची जागाही त्याच्याच पायांमागे. मारणाऱ्याच्या मागे कुणी लपत नाही. ऑफिसातल्या नव्या पोरींना हे तीच शिकवायची. आणि ह्या घरात, माणूस आवडला म्हणून, आपण काही चुकीचं वाचू ह्याची तिला इतकी धास्ती वाटली होती, की तिनं अर्धंच वाचलं.

"आता सोड स्टूल," आत्या म्हणाली. "उतरू दे मला. आणि तू कुठे निघालीस ते सांग."

"सकाळी जाईन," ती म्हणाली.

"कुठे ते विचारलं मी. कधी ते नाही."

*

सकाळी तिनं त्याला काही विचारलं नाही. सरळ खोलीत जाऊन भिंतीकडे पाहिलं. वर, छताच्या जरा खाली, रंगावर एक फिक्कट गोल डाग होता. घड्याळाएवढा. त्याच्या शेजारी फळीची फिकी पट्टी, दोरीच्या खिळ्याचं भोक. एक अख्खं घर वरून काढून खाली आणलेलं होतं.

"हे तुम्ही मला सांगायला हवं होतं."

तो टबाशी बसून होता. रात्रभर झोपला नसावा. "सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, सगळे हेच सांगतात."

"घड्याळाचं सांगायचं होतं."

"घड्याळ खाली टांगलं म्हणून कुणी सुटतं का?"

"आमच्याकडे सुटतं."

त्यानं टबातून एक लांब पट्टी उचलली, मागच्या गच्चीत गेला आणि जाताना दार ओढून घेतलं. आतून तिला ऐकू आलं, सप्... सप्. पाणी झटकल्याशिवाय वेत विणता येत नाही.

"आणि रडणं?" तो परत आल्यावर तिनं विचारलं.

"हे करताना हात वर जातो. त्याला दिसू नये म्हणून दार लावतो. दार लावलं की रडतो, एकटा पडला म्हणून." तो कसनुसा हसला. "तक्रार वरच्या मजल्यावरच्या काकूंची असणार. त्यांना निम्मंच ऐकू जातं."

तिनंही त्या काकूंसारखा निम्म्यावरच निकाल दिला होता. ती म्हणाली, "चुकलं माझं." हे शब्द तपासणी करताना तिनं कधी वापरले नव्हते. आपल्याच तोंडून ऐकून तिला जरा नवल वाटलं.

"कुत्रा कुठाय?"

"खाली गाडीत."

पुढचं तो ऐकायला थांबलाच नाही. ती खाली पोचेपर्यंत तो गाडीच्या उघड्या दारात गुडघ्यांवर बसला होता, आणि इतके दिवस उपाशी असलेला ढब्बू त्याचा कान, नाक, कॉलर, जे मिळेल ते चाटत सुटला होता. ती बाजूला उभी राहून रस्त्यावरची वर्दळ बघण्याचं सोंग करू लागली.

"ते गोदाम कुठलं?" तिनं मग विचारलं. "तेव्हाच तक्रार का केली नाहीत?"

"कुठे करायची ठाऊक नव्हतं." तो कुत्र्याच्या मानेआडून म्हणाला. "आता ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी ती गोदामावर जाऊन आली. कुलूप नवं, मालक नवा, रखवालदार केव्हाच गेलेला. एका खांबाला दोरीचा कुजका तुकडा तेवढा उरला होता. तो तिनं सोडवून फेकून दिला.

*

तक्रार लगेच बंद करता येत नव्हती. कुत्रा सुधारतो आहे हे पाहावं लागे, आणि सुधारणं तिच्या हातात होतं. असे कुत्रे तिनं आधीही बरे केले होते. फक्त तेव्हा तिला इतक्या दूरचा रस्ता इतका जवळ वाटला नव्हता.

"आज गुडघ्यापर्यंत," ती म्हणायची. तो हात गुडघ्याइतका उचलायचा. मुठीत खाऊ. ढब्बू बघायचा, थरथरायचा, मग खाऊ घ्यायचा. पुढच्या खेपेला मांडीपर्यंत. मग कमरेपर्यंत.

"घाई नको," ती सांगायची.

"मला कुठेय घाई," तो म्हणायचा. आणि मग दोघंही कुत्र्याकडेच बघायचे, फार लक्ष देऊन.

हात जितका वर जायचा, तितकं घर वर सरकायचं. फळी एकदा कमरेला आली. टॉवेल जमिनीवरून उठला. ढब्बूच्या फासळ्या दिसेनाशा होऊ लागल्या. दुपारी ती जमिनीवर बसायची, उन्हाची जाळी सरकत सरकत तिच्या मांडीवर यायची, आणि वेत आत-बाहेर जाताना जो बारीक करकर आवाज येतो तो ऐकता ऐकता तिचे डोळे जड व्हायचे.

"तपासणी चालू आहे ना?" तो विचारायचा.

"चालू आहे. डोळे मिटूनही करता येते."

"काही आढळलं?"

"सांगता येत नाही. अजून पाहावं लागेल."

प्रत्येक वेळी चहा मात्र ती नाकारायची. "नियम आहे," म्हणून बाटलीतलं पाणी प्यायची. तो मान डोलवायचा आणि आत जाऊन कपांचा आवाज करायचा. निघताना ती मांडीजवळ दोन बोटं हलवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

हात खांद्यापर्यंत आला आणि गाडी अडली.

"घड्याळ अजून इथेच?" एकदा तिनं विचारलं. "आता खांद्याइतकं तरी वर जायला हरकत नाही."

"खिळा सापडत नाही."

"खुर्च्यांच्या कारखान्यात खिळा नाही?"

"वेताच्या खुर्च्या आहेत बाई. खिळे लागत नाहीत."

पुढच्या खेपेला ती खिळा घेऊन गेली. त्यावर तो म्हणाला, हातोडी शेजाऱ्याकडे गेलीय. तिनं हातोडी आणली नाही. आणावीशी वाटली नाही.

"किती महिने चालणार ही तपासणी?" आत्यानं विचारलं. "कुत्रा आहे की नवरामुलगा?"

"आत्या."

"मी कुत्र्याबद्दलच विचारते. चहा घेतलास का त्याच्याकडे?"

"नियम आहे."

"नियम आहे, नियम आहे. तुझ्या साहेबाला सांग, माझ्या भाचीला तहान लागलीय म्हणावं."

साहेबांनाही दिसत होतंच. एकदा त्यांनी तिला बोलावलं, चष्मा पुसत म्हणाले, "ती वेतवाल्याची तक्रार. कुत्रा बरा झाला असेल तर बंद कर. नसेल तर मी दुसऱ्या कुणाला देतो. डोळे मऊ झालेत का तुझे?"

तिनं खोटं बोलायचं ठरवलं, आणि बोलता आलं नाही. "झालेत थोडे."

"मग उद्या बंद कर," साहेब म्हणाले. आवाज कडक होता, पण चष्मा पुसायचं काम त्यांनी उगाच लांबवलं.

*

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि बारीक पाऊस पडत होता, इतका बारीक की खिडकीवर नुसती ओल धरत होती. उन्हाची जाळी नव्हती. ढब्बू खोलीच्या मधोमध एका कुशीवर पसरला होता.

"आज शेवटची तपासणी," ती म्हणाली.

तो विणत होता. बोटं थांबली. "म्हणजे?"

"तुम्ही हात पूर्ण वर करायचा. तो घाबरला नाही, तर तक्रार बंद."

"आणि घाबरला तर?"

"तर चालू राहील. पण माझ्याकडे नाही. दुसरं कुणीतरी येईल."

खोलीत फक्त घड्याळाचा आवाज होता, खालून येणारा, जमिनीवरून चालल्यासारखा.

"म्हणजे घाबरला तरी तुम्ही येणार नाही," तो सावकाश म्हणाला. "आणि नाही घाबरला तरी येणार नाही."

तिनं पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, लावलं.

"हात वर करा," ती म्हणाली. पहिल्या दिवशी हेच शब्द किती कोरडे निघाले होते. आज त्यांना ओल होती.

तो उभा राहिला. हात मांडीपाशी... कमरेपाशी... खांद्यापाशी. तिथे क्षणभर थांबला. तो कुत्र्याकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. मग हात वर गेला. डोक्याच्या वर, अगदी सरळ, बोटं छताकडे.

ढब्बूनं एक डोळा उघडला. त्या हाताकडे पाहिलं. भली मोठी जांभई दिली, आणि डोळा मिटला.

त्याचा हात वरच राहिला. खाली आणायचं तो विसरला असावा. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"झालं," ती म्हणाली. "तक्रार बंद. आता मी तुमची कुणी नाही. म्हणजे तपासनीस वगैरे नाही."

"कुणीच नाही?"

"ऑफिसकडून तरी नाही."

त्यानं हात खाली आणला. उगाच टबातल्या पट्ट्या सारख्या केल्या, पाण्यात बोटं बुडवली, सदऱ्याला पुसली. आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "मग आता... चहा घेणार?"

बाहेर पाऊस तितकाच बारीक होता. तिनं बाटली पिशवीत टाकली आणि पिशवी लांब सरकवली.

"साखर कमी," ती म्हणाली. "रोज लागेल. चालेल का?"

"रोज म्हणजे?"

"रोज म्हणजे रोज. सकाळचा धरून."

तो हसला. पुलावरच्या धुक्यात हसला होता तसाच, आवाज न करता. आत गेला आणि बाहेर आला तो दोन कप घेऊन. आधण आधीच ठेवलेलं होतं.

"तुम्हाला काय ठाऊक मी घेईन म्हणून?"

"नव्हतं ठाऊक. रोज दोन कप ठेवायचो. तुम्ही गेलात की तुमचा वरच्या काकू घ्यायच्या."

तेवढ्यात दार लोटून काकूच आल्या. रोजच्यासारख्या, पदराला हात पुसत. तिच्या हातातला कप पाहून त्या जागच्या जागी थांबल्या.

"प्यायलीस का एकदाची," त्या म्हणाल्या. "बरं झालं बाई. तक्रार केली तेव्हापासून प्रायश्चित्त म्हणून पितेय. ह्याला चहा येत नाही करता, सांगून ठेवते." आणि आल्या तशा परत गेल्या.

काकूंचं खरं होतं. चहा अगदीच पांचट होता. तिनं शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"खिळा आहे माझ्याकडे," जरा वेळानं तो म्हणाला. "पहिल्यापासून होता. हातोडीसुद्धा. लावू का घड्याळ वर?"

ती ढब्बूच्या शेजारी जमिनीवर बसली होती. तिथून जरा मान झुकवली की घड्याळ दिसत होतं. "राहू दे खालीच," ती म्हणाली. "इथे बसलं की मला दिसतं. आणि तुला."

'तुला' हे तिच्या तोंडून सहज गेलं. ऐकून तो टबाच्या काठावर बसता बसता पाण्यातच बसणार होता.

ती निघाली तेव्हा पाऊस थांबला होता. गल्लीच्या वळणावर तिनं मागे पाहिलं. तो खिडकीत होता, आणि कुत्रा शेजारी, पुढचे पाय चौकटीवर टेकून. त्यानं हात वर केला. डोक्याच्या वर, लांब, मोकळा हात, आणि खूप दुरून येणाऱ्या माणसाला दिसावा तसा जोरजोरात हलवला. ढब्बूची शेपूट त्याच तालावर हलत होती.

तिला आता हात वर करायला कुणाची हरकत नव्हती. पण तिनं केला नाही. मांडीजवळ दोन बोटं हलवली, आणि वळणाआड गेली.